मास्तरांना दिसणारा दिवा

न तपासता पार्ट बदलणाऱ्या मेकॅनिकांचा मला मनापासून राग येतो. दिवा लागला की सेन्सर बदल, परत लागला की मीटर बदल, आणि तरीही लागला की गाडीवाल्यालाच सांगायचं, तुम्हाला भास होतोय. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. दुकानात लिफ्ट नाही, मोठी यंत्रं नाहीत. एक मल्टिमीटर आहे, एक टेस्ट लॅम्प, एक सोल्डरिंग गन आणि जमिनीवर टाकायला एक जुनी चटई. लोक मला वायरवाली म्हणतात, आणि हिच्या नाकावर राग असतो असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

तारेवर मात्र मी कधी चिडत नाही. तार बोटांत धरली की तिच्यातून जाणारा करंट मला दिसल्यासारखा होतो. खरोखर दिसत नाही, अजून तेवढं वेड लागलेलं नाही. पण कामावरून घरी निघालेली माणसं असावीत तसा तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालाय, वाटेत कुठे रेंगाळलाय, कुठे दार बंद बघून मागे फिरलाय, असं काहीतरी डोळ्यांपुढे तरळतं. नवऱ्याला एकदा हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू जेवलीस ना?" तेव्हापासून सांगत नाही.

मास्तरांची लेक दुकानात आली तेव्हा मी एका टेम्पोच्या हॉर्नशी झटत होते. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. आमच्या भागात जे कुणी धड गाडी चालवतात त्यातल्या निम्म्यांना त्यांनी शिकवलं, आणि उरलेल्या निम्म्यांकडे बघून ते नुसती मान हलवतात. मलाही त्यांनीच शिकवलं. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबायचे, म्हणून त्यांनी माझं नाव 'ब्रेक' ठेवलं. आता माझे केस पांढरे झाले, तरी रस्त्यात भेटले की "काय ब्रेक, बरी आहेस ना?" असंच विचारतात. त्यांची लेक माझ्याहून बरीच लहान, दवाखान्यात नर्स आहे. ती आली, स्टुलावर बसली आणि बराच वेळ त्या हॉर्नकडेच बघत राहिली.

"ताई, बाबांना एक दिवा दिसतो," ती म्हणाली.

"कसला दिवा?"

"गाडीतला. ऑइल कमी झाल्याचा, पिवळा. सकाळी किल्ली फिरवली की लागतो म्हणतात. मी बघायला गेले की नसतो. मेकॅनिकलाही दिसला नाही. ऑइल पुरेपूर आहे. तरी त्याने सेन्सर बदलून टाकला, बाबांच्या समाधानासाठी. बाबा म्हणतात, अजून लागतो."

समाधानासाठी सेन्सर बदलला हे ऐकून माझं डोकं तापलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी तो राग हॉर्नच्या स्क्रूवर काढला.

पुढचं तिने अडखळत सांगितलं. मास्तर हल्ली विसरतात. दूध तापत ठेवून बाहेर जाऊन बसतात, आणि भांडं करपल्याचा वास आला की कुणाकडे काय जळतंय म्हणून चौकशी करतात. मागे एकदा पाव आणायला गाडी घेऊन गेले ते दुपार कलल्यावर परत आले. विचारलं तर म्हणाले, हवा छान होती, जरा लांबून आलो. दवाखान्यात ती असे म्हातारे रोज बघते, आणि त्यांना घेऊन येणारी मुलंही. गाडीची किल्ली माझ्याकडे द्या, असं ती त्यांना एकदा म्हणाली, तर मास्तरांनी जेवण सोडलं.

"आणि काल स्वतःच म्हणाले," ती म्हणाली, "ब्रेकला बोलाव. तिने तपासून दिवा खोटा ठरवला तर किल्ली तुझी. खरा निघाला तर परत या विषयावर तोंड उघडायचं नाही."

मला हे बिलकूल आवडलं नाही. मी तार तपासते. तिच्या टोकाला माणसाचं डोकं बांधून ठेवलं तर माझा हात कसा चालणार? पण तिच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ वळेना. हॉर्न तसाच टाकून मी पिशवी उचलली.

मास्तरांचं घर चढावर आहे. गल्ली वर चढत जाते आणि घरं एकमेकांच्या खांद्यावरून खाली डोकावतात. दुपारी तिथे सगळंच पेंगत होतं. खिडक्यांचे पडदे अर्धवट ओढलेले, एका गॅलरीत वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगत होती आणि परत बसत होती. मास्तरांची गाडी फाटकाबाहेर फुटपाथला लागून उभी होती. गाडी जुनी, पण पुसून पुसून आरशासारखी ठेवलेली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात थांबले होते, लग्नाला निघाल्यासारखे. किल्ली त्यांच्या मुठीत होती आणि मूठ काही लवकर उघडेना.

"कधी लागतो, मास्तर?"

"किल्ली अर्धी फिरवली की सगळे दिवे लागतात. माहीत आहे ना, की विसरलीस?"

"माहीत आहे."

"मग विझायचे ते विझतात. हा विझत नाही. इंजिन सुरू केलं की मग जातो. आणि चढामुळे लागतो असं म्हणू नकोस. तोंड वर करून गाडी लावली काय आणि खाली करून लावली काय, लागतो तो लागतोच."

लेक दुसरीकडे बघत होती. तिने हे किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

मास्तर सांगत होते ते न पटण्यासारखं नव्हतं. या गाडीत ऑइलची पातळी इंजिन सुरू व्हायच्या आधीच बघितली जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की सगळं ऑइल खालच्या चेंबरमध्ये उतरून शांत बसतं. किल्ली अर्धी फिरली की सेन्सर त्याला एकदा विचारतो, आहेस ना? उत्तर आलं की दिवा विझतो. एकदा इंजिन धावायला लागलं की ऑइल सगळीकडे उडतं, मग कोण कुणाला विचारणार? म्हणून नंतर दिवा लागत नाही. आणि हल्ली किल्ली अर्धी फिरवून थांबतं कोण? लोक एका झटक्यात इंजिन सुरू करतात. लेक तसंच करते, मीही तसंच करते. मास्तर मात्र अजून मांडीवर हात ठेवून दिवे विझायची वाट बघतात. शिकवतानाही आम्हाला तसंच बसवून ठेवायचे, देवळात बसवल्यासारखं.

नवीन गाड्या आपलं दुखणं स्वतःच टिपून ठेवतात. स्कॅनर जोडला की घडाघडा बोलतात. या गाडीला ती सोय नाही. दिवा विझला की तो लागला होता हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

मी गाडी फाटकातून आत घेतली आणि सपाट फरशीवर नीट सरळ उभी केली. ऑइल मोजायचं तर जागा सपाट हवी, नाहीतर पट्टी खोटं बोलते. ऑइल खाली उतरेपर्यंत थांबले. पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं, रंगही चांगला. मग मी आत बसले आणि किल्ली अर्धी फिरवून मास्तरांसारखे मांडीवर हात ठेवले. दिवे लागले. एकेक करून विझायचे ते विझले. पिवळाही विझला.

"विझला," मी म्हणाले.

"आत्ता विझला," मास्तर म्हणाले.

खिडकीत उभी असलेली लेक आत गेली. कपबशा काढल्याचा आवाज आला.

मग मी गाडी जॅकवर उचलली, ठोकळे लावले, चटई टाकली आणि खाली गेले. चेंबरच्या तळाशी तो नवाकोरा सेन्सर बसलेला होता, त्याच्या कपलरमधून तीन तारा निघत होत्या. एक करंट आणणारी, एक अर्थिंगची, आणि एक निरोप घेऊन वर मीटरपर्यंत जाणारी. करंट येत होता. अर्थिंग पक्कं होतं. निरोपाची तार टोकापासून टोकापर्यंत तपासली, सलग होती. कपलर हलवला, तारा हलवल्या, जिथे जिथे हात पोचला तिथे दाबून ओढून बघितलं. मल्टिमीटरचा आकडा जागचा हलला नाही. कुठे पाणी मुरतंय हे कळेना.

चहा आला तो मी बाहेर येऊन प्यायले. मास्तर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला काही सापडलं का असं विचारलं नाही. लेकीनेही विचारलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. किल्ली आता कुणाच्याच हातात नव्हती. खुर्च्यांच्या मधल्या तिपाईवर ती पडली होती, आणि दोघंही तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मला वाटत होतं, उठावं आणि सांगून टाकावं, मास्तर, तार चांगली आहे. खरं तेच सांगायचं होतं. पण मास्तर माझ्याकडे न बघता बशी धरून बसले होते. "अजून एकदा बघते," असं म्हणून मी परत चटईवर आडवी झाले.

गाडीखाली गार होतं. चाकांच्या मधून उन्हाची एक लांबट पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ सावकाश वर चढत होती. तिकडे लेकीच्या चपला दिसत होत्या, इकडे मास्तरांचे पॉलिश केलेले बूट. कुठेतरी नळ ठिबकत होता. मी निरोपाच्या तारेवर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. थोडा वेळच मिटायचे होते.

तारेत संध्याकाळ झाली होती. तांब्याच्या रस्त्यावरून माणसं चालली होती, सगळ्यांच्या हातात एकेक छोटा निरोप, आणि मीही त्यांच्यात होते, पण माझे केस काळे होते. चालायला काही कष्ट पडत नव्हते. मग पुढे माणसं थांबली. रस्ता तिथे संपला होता. दरी वगैरे काही नव्हती, पाऊल टाकलं तर पोचता येईल एवढीच फट. पण कुणी पाऊल टाकत नव्हतं. सगळे अगदी निवांत उभे होते, फाटक उघडायची वाट बघावी तसे. मी शेजाऱ्याला विचारलं, हे कधी जुळणार? तो म्हणाला, आता ती येईल, सरळ करेल, की जुळेल. कोण येईल म्हणून विचारणार तोच बाजूच्या सीटवरून मास्तरांचा आवाज आला, तरुण आणि खणखणीत. गाडी चढावर सोडून निघालीस, ब्रेक? चाकं कुणी वळवायची?

मी दचकून उठले आणि कपाळ सायलेन्सरला आपटलं.

"काय झालं, ताई?" लेकीने वाकून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि कपाळ चोळत बाहेर आले.

स्वप्नात सापडलं असं मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, एकही टिकणार नाही. पण ते तसंच होतं. चढावर गाडी लावताना पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवायची, तोंड खाली असेल तर फुटपाथकडे, वर असेल तर उलट्या बाजूला, म्हणजे हँडब्रेक सुटला तरी गाडी फुटपाथला टेकून थांबते, खाली कुणाच्या अंगावर जात नाही. हे मास्तरांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. लायसन्स मिळेपर्यंत सगळ्यांनी केलं, आणि त्यानंतर माझ्या माहितीत एकट्या मास्तरांनीच केलं. मी आले तेव्हा गाडीची चाकं वळलेली होती. ती सरळ केली मी. मेकॅनिकनेही गॅरेजात सरळच उभी केली असणार. सरळ चाकांवर आम्ही दोघंही तपासत बसलो होतो.

"मास्तर," मी म्हणाले, "गाडी बाहेर नेऊन तुम्ही लावा. रोज लावता तशी."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिपाईवरची किल्ली उचलली.

जॅक काढल्यावर त्यांनी गाडी मागे घेतली, आरशात बघत, घाई न करता, आणि एका झोकात फुटपाथला लावली. शेवटी स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं आणि चाकाचा कडेला टेकल्याचा बारीक आवाज आला. इंजिन बंद केलं. आता ऑइल उतरेपर्यंत थांबायचं होतं. मी त्यांच्या बाजूला बसले, लेक मागे. काचा खाली होत्या. समोरच्या गॅलरीतली चादर फुगत होती आणि बसत होती. इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं, तीही हळूहळू लांबत गेली. मला वाटलं आपण तिघंही असेच बसून राहिलो, आणि किल्ली कधी फिरलीच नाही, तर तेही चालेल.

"फिरवू?" मास्तरांनी विचारलं.

"फिरवा."

सगळे दिवे लागले. एक विझला, दुसरा विझला. ऑइलच्या पिवळ्या डब्याचं ते छोटंसं चित्र तसंच राहिलं. ते राहिलंच.

मागून लेकीने हात पुढे केला आणि मास्तरांच्या खांद्यावर ठेवला. "बाबा," एवढंच म्हणाली.

"बघ नीट," मास्तर म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "सावकाश बघ. घाई नाही. तो काही विझत नाही."

मग मी त्या वळलेल्या चाकांमागे टॉर्च घेऊन शिरले आणि जे मगाशी दिसलं नव्हतं ते आता अगदी समोर होतं. तारांची जुडी वर एका क्लिपने अडकवलेली असायला हवी होती. ती क्लिप तुटून कधीच पडली होती. जुडी खाली लोंबून स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊन बसली होती. चाकं सरळ असली की ढिली, चाकं कुठल्याही बाजूला पूर्ण वळली की दांडा तिला ओढून ताणायचा. निरोपाच्या तारेचं वरचं आवरण शाबूत होतं, पण आतलं तांबं एका जागी तुटलेलं होतं. ढिलं असताना दोन टोकं एकमेकांना टेकलेली राहायची, आणि मल्टिमीटर म्हणायचा सगळं ठीक आहे. ताण बसला की टोकं जराशी दूर व्हायची. मी तिथे नख दाबलं तेव्हा आवरणाच्या आत पोकळी लागली.

तो तुकडा कापून मी नवीन तार जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली आणि जुडी वर नव्या क्लिपने घट्ट बसवली. चाकं वळवून, थांबून, परत किल्ली फिरवली. पिवळा दिवा इतरांबरोबर गुमान विझला. कापलेला तुकडा मी लेकीच्या हातावर ठेवला आणि वाकवून दाखवला. तिने तो वाकवला, सरळ केला, परत वाकवला.

"माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली. "किल्लीचं मी परत काढणार नाही."

मास्तर हसले. मला वाटतं, कितीतरी दिवसांनी त्यांना असं हसू आलं असावं. माझाही जीव भांड्यात पडला. पिशवी भरताना मी चक्क गुणगुणत होते, आणि माझं गुणगुणणं ऐकलेली माणसं फार नाहीत.

"चल ब्रेक, तुला दुकानावर सोडतो," मास्तर म्हणाले.

ऊन आता उतरून मऊ झालं होतं. मास्तर गाडी चालवतात ती बघत राहावी अशी. गिअर कधी पडला ते कळत नाही, खड्डा आला गेला ते कळत नाही. काच खाली करून मी डोकं टेकलं. घरं, झाडं, भिंतीवर बसलेलं मांजर, सगळं पाण्यातून सरकल्यासारखं मागे जात होतं. मनात आलं, या गाडीतून असंच जात राहावं आणि दुकान येऊच नये.

चौकात मास्तर थांबले.

"डावीकडे की उजवीकडे?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. शिकवताना ते मधेच असंच विचारायचे, आपलं लक्ष आहे की नाही ते बघायला. "मास्तर, मी परीक्षा केव्हाच पास झाले," मी म्हणाले. "आता तुम्हीच सांगा."

ते हसले नाहीत. हात स्टिअरिंगवर अगदी नीट ठेवलेले होते, नजर समोर. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. माझं दुकान त्याच जागी आहे, मी सुरू केलं तेव्हापासून. या चौकातून मास्तर किती वेळा गेले असतील त्याला गणती नाही.

"उजवीकडे," मी हळूच म्हणाले.

त्यांनी इशारा दिला, आरशात बघितलं आणि सुरेख वळण घेतलं. थोडं पुढे जाऊन, बंद दुकानांच्या रांगेपाशी, त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पावाच्या दिवशीही हेच झालं," ते म्हणाले. "दुकान आठवत होतं. घर आठवत होतं. मधलं तेवढं गेलं. मग फिरत राहिलो. एका ओळखीच्या झाडाशी आलो तेव्हा सापडलं."

"लेकीला सांगायचं होतं, मास्तर."

"कसं सांगणार? ती म्हणत होती दिवाही खोटा." ते थांबले. "ही एक गोष्ट कबूल केली असती तर सगळंच खोटं ठरलं असतं ना. मला दिसत होतं तेसुद्धा. मग मी कुठे उभं राहायचं?"

डोळे भरून आले होते, आणि मला लोकांसमोर रडायला आवडत नाही, म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मास्तरांनी मला शोधू दिलं.

मग ते उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडे. तू चालव."

"मास्तर, अहो गाडी तुमची आहे."

"गाडी माझी, पण माझी जागा ही," ते म्हणाले आणि मी बसले होते त्या सीटवर हात ठेवला. "आयुष्यभर इथेच बसलो मी. तिकडे मास्तर बसत नसतो."

मी सरकले. किल्ली अर्धी फिरवली, थांबले, दिवे विझू दिले. मास्तरांनी पट्टा लावला, पाठ टेकली आणि रस्त्याकडे बघायला लागले, आम्ही शिकत होतो तेव्हा बघायचे तसंच, माझ्या आधी. परत चढाच्या गल्लीत वळताना माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "कशाला?" ते म्हणाले. मी पाय काढला. तेवढंच आमचं बोलणं झालं.

लेक फाटकातच होती. तुटक्या तारेचा तुकडा अजून तिच्या हातात होता. गाडी आली तशी ती हसत पुढे झाली, आणि मग स्टिअरिंगवर मी आहे हे बघून थांबली. मास्तरांनी माझ्याकडे हात केला. मी किल्ली काढून त्यांना दिली, आणि त्यांनी ती खिडकीतून लेकीपुढे धरली.

"हे काय, बाबा?" ती म्हणाली. "दिवा खरा होता की. मी बघितला. किल्ली तुमची."

"दिवा खरा होता म्हणूनच देतोय," मास्तर म्हणाले. "चौकात मला रस्ता सापडला नाही. हवं तर ब्रेकला विचार."

लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कशाला विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही सांगताय ना."

आणि तिने किल्ली घेतली.